खोर फक्कानमधली लुसिया

खोर फक्कानला ऋतू दोनच, असं बाबा म्हणायचे: एसी चालू आणि एसी बंद. नोव्हेंबरच्या शेवटाला एखाद्या संध्याकाळी आई खिडकीतल्या एसीचं बटण फिरवून तो बंद करायची. आठ महिने घरात भरून राहिलेली ती घरघर थांबली, की बाहेरचं गाव एकदम ऐकू यायला लागायचं. बंदरातल्या क्रेनची टीं-टीं, किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्यांचा आरडाओरडा, मशिदीतली अजान, गॅस सिलिंडरवाल्याचा हॉर्न, आणि समोरच्या घरात बिर्गितबाई शिट्टीवर वाजवत असलेलं कुठलं तरी गाणं. बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये हे आईचं ठाम मत होतं. पण बिर्गितबाई चार दिवस शारजाला गेल्या, की आईच म्हणायची, "आज कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय नाही?"

बाबा बंदराच्या मेंटेनन्स ऑफिसात होते. बिर्गितबाईंचे यजमान लार्ससाहेब त्यांचे साहेब. कंपनीची सहा बैठी घरं एका अंगणाभोवती होती, मधोमध बदामाचं झाड, मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि पुढे रस्ता ओलांडला की समुद्र. अख्ख्या गावात मराठी घरं तीन, त्यातलं एक आमचं. महिन्यातून एकदा डोंगर ओलांडून शारजाला जायचं, पोह्यांपासून उदबत्तीपर्यंत सगळं भरून आणायचं आणि मग महिनाभर आईनं "जपून वापरा" म्हणत राहायचं. मासळी मात्र दारात यायची. आई सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत बसली, की अंगणातली मांजरं ओळीनं येऊन बसत. बिर्गितबाईही येत. त्या मांजरांच्या पलीकडे पायरीवर बसून आईचे हात बघत राहत.

त्या दोघींची मैत्री जमली ती वेलचीवर. आई डोंबिवलीची, इंग्रजी जेमतेम. बिर्गितबाईंचं इंग्रजीही त्यांच्या भाषेच्या तालावर हेलकावे खाणारं. एकदा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मूठ उघडून वेलदोडे दाखवले आणि दुसऱ्या हातानं कुटण्याची खूण केली. आईनं खलबत्ता काढून दिला. तासाभरानं खलबत्ता परत आला तो गरम गोड पावांसकट, आणि त्या पावांना आमच्या श्रीखंडाचा वास होता. "एवढी वेलची आपल्याशिवाय कुणी खातं हे मला माहीतच नव्हतं," आई म्हणाली. त्या दिवसापासून 'गोरी बाई'च्या 'बिर्गितबाई' झाल्या.

त्या स्वीडनमधल्या एका लहानशा गावच्या. त्या गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. एक तळं, एक चर्च, एक बेकरी आणि एक रेल्वे स्टेशन, एवढंच गाव. पण त्यांनी ते गाव सोबत आणलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्या गावाचे सणवार लिहिलेले असत आणि बाहेर तापमान काहीही असो, ते पाळले जात. मार्चमध्ये जाळीदार वॅफल्स करायचा एक दिवस. एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी थंडी संपली म्हणून शेकोटी. इथे थंडी कसली संपतेय, घामाच्या धारा लागलेल्या, तरी लार्ससाहेब अंगणात लाकडं रचून पेटवायचे. जूनमध्ये फुलापानांनी सजवलेला उंच खांब उभारून त्याभोवती नाचायचं, आणि तोही भर उन्हात, कारण त्या दिवशी त्यांच्या गावात सूर्य मावळतच नाही म्हणे. ऑगस्टमध्ये कागदी टोप्या घालून, कागदी कंदील टांगून कोलंब्या सोलत आवाज करत खायच्या.

आई हे सगळं ऐकून घ्यायची आणि आपल्या पंचांगात बसवून टाकायची. शेकोटी म्हणजे त्यांची होळी. खांब म्हणजे गुढी. एका वर्षी त्यांना खांबच मिळेना तेव्हा आईनं माळ्यावरची गुढीची काठी काढून दिली आणि त्यांनी तिला बोगनवेल गुंडाळली. नोव्हेंबरात त्या मेलेल्या माणसांसाठी खिडकीत दिवा लावत, ती सर्वपित्री. टोप्या घालून कोलंब्या खाणं मात्र कशात बसेना, तेव्हा आई म्हणाली, "शिमगाच तो, दुसरं काय!" आणि विषय मिटला.

एकच सण आईला कुठेच बसवता आला नव्हता, तो म्हणजे लुसिया. डिसेंबरात, ऐन काळोखाच्या दिवसांत, त्यांच्या गावातली एक मुलगी पहाटे उजेड घेऊन येते. पांढरा पायघोळ झगा, कमरेला लाल पट्टा, मोकळे सोडलेले केस आणि डोक्यावर जळत्या मेणबत्त्यांचा मुकुट. मागून बाकीची मुलं गात चालतात आणि सगळ्यांना केशराचे पाव वाटतात. आमच्या अंगणातही दरवर्षी हे होई. लुसिया व्हायची ती बंदरातल्या एका डच इंजिनिअरची मुलगी, मक्याच्या कणसासारख्या केसांची. मी मागच्या रांगेत हातात तारा घेऊन चालायचे आणि तिच्या पाठीकडे बघत राहायचे. मला तो मुकुट इतका हवा होता, की आठवलं तरी हसू येतं. पण आपलं काळंसावळं तोंड, आपली तेलकट वेणी. हे आपल्यासाठी नाही, हे मी कुणी न सांगता ठरवून टाकलं होतं.

मग ते डच कुटुंब बदली होऊन गेलं. त्याच हिवाळ्यात लार्ससाहेबांचा करारही संपत होता. जानेवारीत ती दोघं कायमची परत जाणार होती. डिसेंबर उजाडला तशा बिर्गितबाई एका दुपारी आमच्याकडे आल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सुमन, धिस इयर, मिनू इज माय लुसिया."

मी चटकन आईकडे पाहिलं. आईनं कप खाली ठेवला आणि हसून "आय आस्क हजबंड" म्हणाली. आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होता.

बाबा आले तेव्हा खटका उडालाच. "केस मोकळे सोडायचे, पांढरं घालायचं आणि पहाटे दिवा घेऊन फिरायचं," आई बोटांवर मोजत म्हणाली. "अहो, याला आपल्याकडे हडळ म्हणतात!"

"अगं, साहेबांची बायको आहे ती. नाही कसं म्हणायचं? आणि शेवटचं वर्ष आहे त्यांचं."

"साहेबांची बायको असेल, पण डोकं माझ्या पोरीचं आहे. त्यावर जळत्या मेणबत्त्या! तुमच्या डोक्यावर लावून बघा आधी."

"आई, इट्स ओन्ली टेन मिनिट्स!" मी मध्ये पडले. तेव्हा आम्ही मुलं अशीच. आईबाप मराठीत रागावायचे आणि आम्ही इंग्रजीत उलट बोलायचो.

"टेन मिनिट्समध्ये घर जळतं," आई म्हणाली.

मग बाबांनी लोपीसकाकांना बोलावलं. लोपीसकाका वसईचे, कॉर्निशवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरच्या, हॉटेलात मुख्य आचारी, आणि आईचा त्यांच्यावर विश्वास, कारण ते मराठी बोलत आणि बांगड्याचं तिखलं तिच्याहून चांगलं करत. ते म्हणाले, "वयनी, संतीण हाय ती आमची. डोळ्यांची राखण करते. चांगलंच हाय, पोरीला नजर लागणार नाय." आईला नजरेची गोष्ट पटली, पण मेणबत्त्यांची नाही.

शेवटी निकाल लावला तो मुकुटानंच. बिर्गितबाई दुसऱ्या दिवशी तो घेऊन आल्या. पितळेचा, सात खाचांचा, एका बाजूला किंचित दबलेला. तो त्यांच्या आईचा होता. चौदाव्या वर्षी त्यांनी स्वतः घातला होता, मग त्यांच्या मुलीनं, कारिननं. कारिन आता तिकडे नोकरीला होती आणि तिला असल्या गोष्टींत रस उरला नव्हता. "सेव्हन यिअर्स हिअर," बिर्गितबाई म्हणाल्या, "अँड सुमन, यू आर माय ओन्ली...". पुढचा शब्द त्यांना सापडला नाही, किंवा सापडला आणि उच्चारवला नाही. आईनं मुकुट हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "पितांबरी नाही का लावत याला?" त्याच संध्याकाळी तो आमच्या देवांच्या भांड्यांबरोबर घासला गेला. मी समजले, आपल्याला परवानगी मिळाली.

लुसियाची तारीख, तेरा डिसेंबर, त्या वर्षी शुक्रवारी आली, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. आदला दिवस मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईनं घट मांडला होता, दिवसभर उपास केला होता, निरांजनं लखलखत होती. संध्याकाळी नैवेद्य झाल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि माझ्या डोक्यावर खोबरेल ओतायला सुरुवात केली. नेहमीसारखं बोटभर नाही. वाटी रिकामी होईपर्यंत. तिचा हिशेब साधा होता. मोकळे केस भुरभुरतात आणि ज्योतीत जातात. तेव्हा केस इतके चापूनचोपून बसवायचे, की एक बट हलता कामा नये. तेल डोक्याला थंड असतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. थंड गोष्ट पेटेल कशी?

पहाटे अंगणात कुडकुडण्याइतका नव्हे, पण शाल लागेल इतपत गारवा होता. अंधारात पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर बसली होती: बंदरातले लोक, दवाखान्यातल्या दोन फिलिपिनो नर्सेस, केरळचे ड्रायव्हर मामा, लोपीसकाका, आणि शाल पांघरलेले बाबा. बिर्गितबाई अजान संपायची वाट बघत, मगच सुरू करत. गावचा तो नियमच होता. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पांढऱ्या झग्यात उभी होते. मुकुटात सात मेणबत्त्या, भोवती अंगणातल्या कडुलिंबाचे डहाळे. मुकुटाखाली ठेवायला त्यांनी ओला रुमाल पिळला, माझ्या केसांवर हात ठेवला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"व्हॉट इज धिस? ऑइल?" त्यांनी बोटं चोळून पाहिली, वास घेतला. "नेय, नेय, नेय! सुमन, इट विल बर्न! शी विल बर्न!"

आईच्या तोंडावरचा रंग उडाला. "फॉर सेफ्टी," ती म्हणाली. "केस नो फ्लाय. आय पुट फॉर सेफ्टी." बिर्गितबाई खुर्चीवर बसल्या. आता धुवायला वेळ नव्हता आणि ते तेल एका धुण्यात जाणारही नव्हतं. "नो कँडल्स," त्या हळूच म्हणाल्या. "सॉरी, मिनू. नो लुसिया."

आणि मी आईकडे वळून किंचाळले, "यू स्पॉइल एव्हरीथिंग! एव्हरीथिंग!" हे मी लिहिताना गाळणार होते. पण गाळलं तर पुढचं खोटं होईल. माझी काळजी घेण्यात चूक झाली म्हणून मी तिला ओरडले, तेही तिच्या एकुलत्या एका मैत्रिणीसमोर, आणि तिला बरोबर समजेल अशा सोप्या इंग्रजीत. मी तिची माफी त्या दिवशी मागितली नाही, आणि नंतर तो विषय काढायचा धीर झाला नाही.

आई पायांत चपलाही न घालता दारातून गेली. मला वाटलं, रागावून गेली. दोन मिनिटांत ती परत आली, हातात आदल्या दिवशीच्या पूजेचं तबक घेऊन. त्यात पाच निरांजनं, नव्या फुलवाती, आणि साजूक तूप काठोकाठ भरलेलं, गारव्यानं थिजलेलं. "मुकुट असाच घाल तिला, न पेटवता," ती बिर्गितबाईंना चक्क मराठीत म्हणाली. मग तबकाकडे बोट करून, "दिवा हातात. हातात चालतो ना तुमच्या देवीला?" बिर्गितबाईंना एकही शब्द कळायचं कारण नव्हतं. त्यांनी तबकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला. वाती आईनं पेटवल्या. मग अंगठ्यानं माझ्या कपाळावर कुंकू लावलं, आणि माझ्या गालावरचं पाणी पदरानं टिपलं.

मी अंधारात बाहेर पडले. पाठीमागे मुलं बिर्गितबाईंनी शिकवलेलं गाणं गात होती, अर्थ कुणालाच माहीत नव्हता. पूजेचं तबक हिंदकळू द्यायचं नाही हे अंगात मुरलेलं, त्यामुळे मी इतकी सावकाश चालले की लार्ससाहेब नंतर म्हणाले, इतकी शांत लुसिया त्यांनी त्यांच्या गावातही पाहिली नव्हती. तुपाचा आणि केशराच्या पावांचा वास एकमेकांत मिसळला होता. बदामाच्या झाडाखाली पोचले तेव्हा निरांजनांच्या उजेडात मला एकच चेहरा नीट दिसला, बिर्गितबाईंचा. त्या रडत होत्या आणि शिट्टी वाजवत असल्यासारखे ओठ गोल करून रडू आवरत होत्या.

गाणं संपलं की लुसियाचे दिवे विझवायचे आणि सगळ्यांनी कॉफीकडे वळायचं, असा रिवाज. बिर्गितबाई पुढे झाल्या, वाकल्या आणि निरांजनांवर फुंकर घालायला त्यांनी गाल फुगवले.

"नो फू!" आई मागून ओरडली. "बिर्गितबाई, नो फू!"

सगळे दचकले. बाबा उठून म्हणाले, "मॅडम, दिव्यावर फुंकर मारायची नसते आमच्यात. तो आपला आपण शांत होऊ द्यायचा."

"हाऊ लाँग?" लार्ससाहेबांनी विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं तुपाकडे पाहिलं. "दीड तास तरी," ती म्हणाली.

माणसं हसली, पण उठलं कुणी नाही. दिवा जळतोय आणि आपण निघून जायचं हे बरं दिसेना, आणि शुक्रवार होता. तबक झाडाखाली स्टुलावर ठेवलं. पावांच्या दुसऱ्या परातीही आल्या. बिर्गितबाईंची गाणी संपली तेव्हा नर्सेसनी त्यांची गायली. ड्रायव्हर मामांनी लाजत लाजत मल्याळममधलं एक होडीचं गाणं म्हटलं. लोपीसकाकांनी वसईच्या लग्नातलं गाणं ताल धरून म्हटलं आणि बाबांनी, ज्यांना आम्ही न्हाणीघराबाहेर कधी गाताना ऐकलं नव्हतं, त्यांनी चक्क एक अभंग सुरू केला. मध्ये लार्ससाहेबांचा वॉकी-टॉकी खरखरला, कुठलीशी क्रेन अडली होती. ते त्यात म्हणाले, "खलास इन वन अवर, इन्शाल्ला," आणि तो बंद करून ठेवला. समुद्रावर गुलाबी झालं, मागचे डोंगर उजळले, तरी ज्योती जळतच होत्या. आई आणि बिर्गितबाई एका सतरंजीवर बसल्या होत्या. आईनं त्यांचा हात मांडीवर घेतला होता. इतकी वर्षं बोलून बोलून त्यांच्याकडचे शब्द तसेही संपलेच होते.

शेवटची वात शांत झाली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. आई उठली, निरांजनांना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "आता न्हायला चल. शिकेकाईनंच निघेल ते."

जानेवारीत ती दोघं गेली. खलबत्ता आईनं त्यांच्या सामानात घातला, तो आमच्याकडे आजीकडून आलेला होता, पण आई म्हणाली, "तिकडे कुठे मिळायचा तिला?" पुढे आम्हीही डोंबिवलीला परतलो. दर डिसेंबरला त्यांचं कार्ड येई. त्यात चारच ओळी असत. कधी बर्फाविषयी, कधी मांजराविषयी, आणि खाली "लव्ह टू सुमन". आई ती कार्डं देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायची. बाबा गेले त्या वर्षीही कार्ड आलं.

मागच्या वर्षी मात्र डिसेंबरात आलं नाही. फेब्रुवारीत पत्र आलं, ते कारिनचं. माझ्या आईच्या पत्त्यांच्या वहीत तुमचा पत्ता सापडला म्हणून लिहिते आहे, असं तिनं सुरुवातीलाच लिहिलं होतं. बिर्गितबाई नाताळच्या आधी गेल्या, झोपेतच. लुसियाच्या पहाटे घरातल्या सगळ्यांना त्यांनी नेहमीसारखं बोलावलं होतं, नातीला तो मुकुट घातला होता. "आमच्या घरात एक विचित्र प्रथा आहे," कारिननं लिहिलं होतं. "आई आम्हाला मेणबत्त्या फुंकू देत नसे. गावभर मुलं फुंकतात, पण आमच्याकडे त्या मुकुटातून काढून टेबलावर ठेवायच्या आणि विझेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. लहान मुलं कंटाळायची. आम्ही विचारलं, का? तर ती म्हणायची, तसं करायचं नसतं. तुम्हाला याचं कारण माहीत आहे का?"

मी पत्र आईला वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करून. आई आता पंच्याहत्तरीला आली आहे, डोळे अधू झालेत, दुपारी खिडकीशी बसून असते. सगळं ऐकून तिनं पत्र हातात घेऊन चाचपलं. मला वाटलं रडेल. मग तिनं विचारलं, "या खेपेला दिवे कसले होते? तुपाचे?"

"नाही गं आई, मेणबत्त्याच होत्या."

तिनं पदर डोळ्यांना लावला. "अगं बाई," ती म्हणाली, "मग लवकर संपल्या असतील."